दारातल्या बारा वांग्यांना हेक्टरी मात्रा कशाला?

आज जरा कडक लिहितोय. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

शेतातनं फवारणी करून आलं की पंपात तळाला औषध उरलेलं असतं. मग ते दारातल्या न्हाणीच्या पाण्यावरच्या वांग्यांवर मारायचं. "टाकून कशाला द्यायचं?" ही आपली काटकसर! माझं म्हणणं सरळ आहे. परसातल्या वांग्यावर रासायनिक कीटकनाशक मारायचं काहीच कारण नाही. रानातल्या वांग्याचं गणित वेगळं, त्यावर आज बोलत नाही.

पहिला मुद्दा मापाचा. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के वापरतात. शिफारस हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे १० लिटरला ४ ग्रॅम. बारा झाडांना लागणार लिटरभर पाणी, म्हणजे औषध ०.४ ग्रॅम. सांगा, कुणाच्या घरात ०.४ ग्रॅम मोजणारा काटा आहे? मग चमच्याच्या टोकावर अंदाजानं घ्यायचं, आणि तो अंदाज कधीच कमी बाजूला चुकत नाही.

दुसरा मुद्दा याहून मोठा. रानात आपण आठवड्यातनं एक-दोनदा तोडा करतो, त्यामुळं फवारणी तोड्यानंतर बसवता येते. परसात तसं नसतं. आज चार वांगी, उद्या तीन, सकाळी तोडली की दुपारी भरली वांगी. याच औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ ३ दिवस आहे, काही औषधांचा याहून बराच जास्त. रोज तोडणाऱ्या घरात प्रतीक्षा काळ पाळायचा कुणी? सुनेनं डबा उघडून लेबल वाचायचं का?

"मग काय अळ्या खायच्या?" असं म्हणणारे आहेतच. त्यांच्यासाठी तिसरा मुद्दा, आणि इथंच बुटक्या झाडाची खरी किंमत कळते. बुटकं वांगं म्हंजे शहरातल्या गच्चीवरचं खेळणं, अशी आपल्याकडं चेष्टा होते. अहो, राहुरी विद्यापीठाच्या शिफारशीतली वैशाली आणि मांजरी गोटा या दोन्ही जातींची झाडं बुटकी आणि पसरटच आहेत. वैशालीला तर फळं झुपक्यात लागतात. बुटक्या झाडाचा फायदा नुसत्या जागेचा नाही, तो नजरेचा आहे. पिढ्यावर बसून सगळे शेंडे दिसतात, हाताला येतात.

या किडीचा पतंग पानाखाली, कळीवर, फळाच्या देठाजवळ सुटी सुटी अंडी घालतो. ३ ते ५ दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते. एकदा आत गेली की वरनं मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड. पण शेंडा मान टाकतो, तो लांबून दिसतो. दर तिसऱ्या दिवशी फेरी मारायची. वाळायला लागलेला शेंडा सुकल्या भागाच्या बोटभर खालून कापायचा. एकरभर रानात याला मजूर परवडत नाही, हे मान्य. बारा झाडांना दहा मिनिटं लागतात. मावा-तुडतुड्याला ५ टक्के निंबोळी अर्क : लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून गाळून घ्यायची. हे माप घरच्या तराजूवर बसतं. पानं बारीक होऊन झाड बोकडलं तर उपचार करत बसू नका, उपटून टाका.

आता एक आक्षेप खरा आहे, तो टाळणार नाही. "दारातली वांगी म्हंजे अळीचं माहेर, तिथनं ती रानात येते." बरोबर. पण कधी? किडकं वांगं चिरलं, अळी दिसली आणि उकिरड्यावर भिरकावलं, तेव्हा. अळी फळातनं निघून पालापाचोळ्यात, मातीत कोष करते आणि त्यातनं पतंग होतो. म्हणून कापलेले शेंडे आणि किडकी फळं पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा, नाहीतर जाळून टाका. दोष झाडाचा नाही, फेकायच्या सवयीचा आहे.

शेवटी कृषी सहायक आणि तज्ज्ञ मंडळींना हात जोडून सांगतो. तुमची सगळी घडीपत्रिका हेक्टरवर चालते. ज्या माउलीकडं बारा झाडं आहेत, तिच्यासाठी एक पान तरी काढा. त्यात झाडागणिक शेणखत लिहा, दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर लिहा, शेंडा कुठं कापायचा त्याचं चित्र द्या. आणि वर ठळक अक्षरात छापा : पंपात उरलेलं औषध परसबागेत मारू नये.

आपण विकतो ते वांगं बाजाराच्या धाकानं चकचकीत करावं लागतं. घरातल्या पोरांच्या ताटात पडणाऱ्या वांग्याला कुठला व्यापारी भाव पाडणार आहे? एखादं किडकं निघालं तर तेवढा भाग कापून टाकू. त्यापायी विष कशाला?

ज्याला पटत नाही त्यानं हिशोब मांडून सांगावं. माझा वर मांडलाय.