दारावरचा आपला माणूस

सप्टेंबर २०२५ मध्ये शबाना महमूद ब्रिटनच्या गृहमंत्री झाल्या, त्या दिवशी आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माशाअल्लाह'चा पाऊस पडला. आमची निम्मी बिरादरी कोकण सोडून पोटामागे गेलेली. कुणी आफ्रिकेत, कुणी आखातात, कुणी इंग्लंडात. त्यामुळे लंडनमध्ये 'आपलं' कुणी खुर्चीवर बसलं की इकडे गावात गोडधोड होतं. मीही ग्रुपवर दोन गुलाबाची फुलं टाकली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

त्याआधी तीन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत ऋषी सुनक यांची पंतप्रधानपदासाठी निवड झाली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असाच पाऊस पडला होता. फक्त शब्द वेगळे होते. गोऱ्यांवर आपण राज्य करणार, इन्फोसिसचा जावई, कर्माचं फळ वगैरे. तेव्हा मी मनातल्या मनात शेजाऱ्यांना हसलो होतो. आता हसण्याची पाळी त्यांची आहे आणि त्यांनी ती जरूर साधावी.

सुनक यांना ती खुर्ची कशी मिळाली, हे त्या फटाक्यांच्या आवाजात कुणी विचारलं नाही. त्यांच्या आधी लिझ ट्रस होत्या. गादीवर बसल्या बसल्या त्यांच्या अर्थमंत्र्यांनी, क्वासी क्वार्टेंग यांनी, सुमारे ४५ अब्ज पाउंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार हे सांगायचं राहून गेलं. पाउंड घसरला, कर्जरोखे गडगडले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. एका वृत्तपत्राने कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवला आणि विचारलं, आधी कोण कोमेजेल? गड्डा जिंकला. ट्रसबाईंची कारकीर्द ४९ दिवसांत आटोपली. आपल्या बाजारातल्या मेथीच्या जुडीने एवढं यश कधी पाहिलेलं नाही.

याच ट्रसबाईंच्या मंत्रिमंडळाबद्दल तेव्हा कौतुकाने लिहिलं गेलं होतं की ब्रिटनच्या इतिहासात प्रथमच चार सर्वोच्च पदांपैकी एकावरही गोरा पुरुष नाही. बातमी खरी होती. पण चेहऱ्याचा रंग बदलला म्हणून राज्य सुधारत नाही, तसंच बिघडतही नाही. हिशेब चुकला की चुकतो. काळ्या हाताने मांडलेला असो की गोऱ्या.

मला बोलायचं आहे ते मात्र दुसऱ्याच एका खात्याबद्दल. परक्यांना दार उघडायचं की लावायचं, हे ठरवणाऱ्या गृहखात्याबद्दल. गेल्या काही वर्षांत या दारावर कोण कोण उभं राहिलं, ते पाहा. प्रीती पटेल, युगांडातून आलेल्या गुजराती आईवडिलांची मुलगी. साजिद जाविद, पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचा मुलगा. सुएला ब्रेव्हरमन, ज्यांचे वडील केनियातून आलेले, मूळ गोव्याचे, आणि आई मॉरिशसची. आणि आता शबाना महमूद, घराण्याचं मूळ मीरपूरचं. मंगला धरणात गावं बुडाली आणि हजारो माणसं इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांत कामाला गेली, तोच हा मुलूख. कोयनेच्या आणि उजनीच्या धरणग्रस्तांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुंबईच्या लोकलचा एक नियम आहे. फलाटावर असताना माणूस ओरडतो, 'आत सरका, खूप जागा आहे.' आत शिरला की तोच दारात आडवा हात लावतो, 'जागा नाही, पुढची पकडा.' लोकलमध्ये निदान पुढची गाडी येते तरी.

पटेलबाईंनी स्थलांतराचे नवे नियम आणले, तेव्हा एका मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं की या नियमांत तुमचेच आईवडील बसले असते का? कदाचित नसते, असं त्यांनी कबूल केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मग रवांडाची योजना आली. छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांना थेट आफ्रिकेत पाठवायचं. ब्रेव्हरमनबाईंनी तर सांगून टाकलं की रवांडाला निघालेल्या विमानाची बातमी पहिल्या पानावर पाहणं हे आपलं स्वप्न आहे. लोक मुलांच्या लग्नाची स्वप्नं पाहतात, या विमानाची पाहत होत्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की रवांडा निर्वासितांसाठी सुरक्षित नाही, योजना बेकायदा आहे. त्यावर सुनक सरकारने काय करावं? कायदाच केला, की रवांडा सुरक्षित आहे! म्हणजे संसदेने ठराव करून सांगायचं की लंडनमध्ये पाऊस पडत नाही, आणि छत्री उघडणाऱ्या न्यायाधीशाला चूप बसवायचं. पुढे लेबर सरकारने हिशेब सांगितला : ७० कोटी पाउंड खर्च, आणि गेलेली माणसं चार, तीही स्वखुशीने.

हा सगळा हुजूर पक्षाचा खेळ होता असं कुणी समजू नये. १९६८ मध्ये केनियातले हजारो हिंदी लोक ब्रिटिश पासपोर्ट हातात घेऊन निघाले, तेव्हा हॅरॉल्ड विल्सन यांच्या लेबर सरकारने काही दिवसांत घाईघाईने कायदा करून त्यांच्या तोंडावर दार लावलं. पासपोर्ट ब्रिटिश, पण आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नाहीत म्हणून. तेव्हा दार लावणारे हात गोरे होते, म्हणून आपल्याला त्याचं नाव घेता येत होतं. वर्णद्वेष.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महमूदबाईंनी आपली योजना मांडली. आश्रय मिळाला तरी तो तात्पुरता. दर अडीच वर्षांनी फेरतपासणी. मायदेश सुरक्षित वाटला की परत. बेकायदा आलेल्यांना कायम राहण्यासाठी २० वर्षं थांबावं लागणार. विरोधकांनी भाषेवर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी सभागृहाला सांगितलं की रस्त्यावर वंशद्वेषी शिव्या आपण स्वतः खातो. खरंच खात असतील, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण स्वतःला बसलेला मार ही दुसऱ्याला मारण्याची सनद कशी होते? नायजेल फराज यांनी तर या बाई आमच्याच पक्षाच्या वाटतात, अशा अर्थाचा टोमणा मारला. शत्रूने अशी पाठ थोपटली तर माणसाने घरी जाऊन सदरा झटकावा.

कुणी म्हणेल, मुसलमान आहेत म्हणून त्यांनी मऊ असावं अशी तुमची अपेक्षा का? ती अपेक्षा नाहीच. प्रत्येक देशाला आपली सीमा राखायचा हक्क आहे, आणि गोऱ्या मंत्र्याकडून जेवढा न्याय मागतो तेवढाच त्यांच्याकडून मागतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांचं नाव, त्यांचं घराणं, त्यांनी सोसलेला अपमान हे सगळं ढालीसारखं पुढे धरलं जातं. योजना निर्दय आहे म्हटलं की उत्तर मिळतं, पाहा, मांडतंय कोण! जे गोऱ्या मंत्र्याच्या तोंडी उघडं पडलं असतं, ते आपल्या माणसाच्या तोंडी सभ्य वाटू लागतं. त्यासाठीच तर त्याला दारावर उभं करतात.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण इथे वापरायचा मोह होतो. मी ती वापरणार नाही. दांड्याला शिव्या देत बसलं की कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे, ते विसरायला होतं. आपल्याकडेही हेच चालतं. 'आपला माणूस' निवडून येतो, हार पडतात, रमजानमध्ये इफ्तारचे फोटो छापून येतात, आणि मोहल्ल्यातलं गटार पुढच्या निवडणुकीची वाट पाहत तसंच वाहत राहतं. त्याला विचारायचं धाडस होत नाही, कारण तो आपला आहे. परक्याला आपण जाब विचारतो, आपल्याला हार घालतो. राज्यकर्त्यांना याहून सोयीचं काय असणार?

आमच्या ग्रुपवर सप्टेंबरमध्ये पहिला 'माशाअल्लाह' टाकला होता तो माझ्या भाचीने. ती २०२३ पासून इंग्लंडात आहे. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या गोऱ्यांना उठवते, न्हाऊ घालते, भरवते. पाच वर्षं झाली की कायमचं राहता येईल, या हिशेबावर तिने इकडची जमीन गहाण टाकली आहे. नोव्हेंबरमध्ये सरकारचा दुसरा प्रस्ताव आला : रीतसर व्हिसावर आलेल्यांना पाचाऐवजी दहा वर्षं, आणि तिच्यासारख्या सेवेकऱ्यांना पंधरा. आधीच आलेल्यांनाही. म्हणजे तिचं २०२८ चं २०३८.

तिने हे ग्रुपवर लिहिलं नाही. रात्री मला एकट्याला फोन केला.

"मामू," म्हणाली, "ती बाई आपलीच आहे ना?"