‘कान गेलाच आहे, मग जपायचं काय?’

कॉक्लिअर इम्प्लांटचा सल्ला दिला की नातेवाईक हमखास म्हणतात, “डॉक्टर, कान तर गेलाच आहे. आता त्यात जपायचं काय राहिलं?” त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पण कधी कधी आम्ही डॉक्टरही हाच सूर लावतो. ते मला मुळीच मान्य नाही.

आपल्या आतल्या कानातला शंख, म्हणजे कॉक्लिया, साधारण अडीच वेढ्यांचा असतो. त्याच्या तोंडाशी बारीक, उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात आणि टोकाकडे जाडे, खालच्या पट्टीचे. अनेकांच्या बाबतीत तोंडाकडचा भाग आधी निकामी होतो. म्हणून माधवनगर स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला गाडीची धडधड कळते, पण शेजारच्याने ‘सात’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. ही उरलेली धडधड म्हणजेच शिल्लक श्रवणशक्ती.

तिचा उपयोग काय? इम्प्लांटमुळे शब्द कळू लागतात. पण गाण्याचा सूर, बोलण्यातला चढ-उतार आणि गोंगाटातलं संभाषण यांत हा नैसर्गिक जाडा आवाज मोठी मदत करतो. एकाच कानात इम्प्लांट आणि श्रवणयंत्र दोन्ही वापरण्याची पद्धत जर्मनीतल्या फॉन इल्बर्ग यांनी १९९९ मध्ये मांडली. तेव्हा ‘हे सगळं अजून नवीन आहे’ ही सबब आता चालणार नाही.

जपण्याचे मार्गही माहीत आहेत. इलेक्ट्रोड बारीक आणि लवचिक निवडायचा, शक्यतो शंखाच्या गोल खिडकीतून आणि अगदी सावकाश आत सरकवायचा. रक्त किंवा हाडाचा भुगा आत जाऊ द्यायचा नाही. सूज कमी राहावी म्हणून स्टिरॉइड द्यायचं.

एवढं करूनही हमी देता येत नाही. काहींची शिल्लक श्रवणशक्ती लगेच जाते, काहींची काही महिन्यांनी. ती गेली म्हणजे डॉक्टरांनी हलगर्जी केली असं नाही. पण प्रयत्न करून गमावणं वेगळं आणि ‘गेलाच आहे’ म्हणून प्रयत्नच न करणं वेगळं.

लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळू शकतो. तिथे पालक गप्प बसतात. ‘फुकट मिळतंय, प्रश्न कशाला विचारायचे?’ अहो, त्या बाळाला पुढे आयुष्यभर हाच कान वापरायचा आहे. कधीतरी इम्प्लांट बदलावा लागला, तर आतली नाजूक रचना शाबूत असलेली बरी. प्रश्न विचारणं हा तुमचा हक्कच आहे.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. ‘थोडं ऐकू येतंय, ते जाईल’ या भीतीने बाळाची शस्त्रक्रिया लांबवू नका. श्रवणयंत्राने बोलणं कळत नसेल, तर भाषा शिकण्याची ती वर्षं पुन्हा येत नाहीत.

शस्त्रक्रियेआधी एवढं विचारा:

१. माझ्या ऑडिओग्राममध्ये खालच्या पट्टीचं किती ऐकणं शिल्लक आहे?
२. ते जपण्यासाठी तुम्ही काय करणार?
३. कोणता इलेक्ट्रोड घालणार आणि तोच का?
४. नंतर ते शिल्लक आहे का, हे कधी तपासणार?

चार प्रश्नांना फार तर दहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ डॉक्टरांनी द्यायलाच हवा.