यकृताला बाटलीवरचं गाव वाचता येत नाही

डिसेंबर लागला की आपल्या वऱ्हाडात शेतावर रोडग्यांचे बेत ठरतात. गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याच्या काही घरांत आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं सुटीला येताना वाइनच्या बाटल्या घेऊन येतात. मागच्या हिवाळ्यात एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो, तर टेबलावर छापील कार्ड होतं : ‘हिवाळ्यासाठी खास’. कोणत्या वाइनबरोबर काय खावं याची यादी. फ्रान्सची बोजोले कोंबडीबरोबर, शाब्ली माशाबरोबर, इटलीची बारोलो सावकाश शिजवलेल्या मटणाबरोबर आणि स्वागताला प्रोसेको.

वाढता वाढता वहिनींनी विचारलं, “डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली असते ना? यांची बायपास झाली आहे. रोज अर्धा ग्लास द्यायला सुरुवात करू का?” मी “नको” म्हणालो. टेबल जरा शांत झालं. तेव्हा देता न आलेलं पूर्ण उत्तर आज लिहितो, कारण हाच प्रश्न मला ओपीडीतही ऐकू येतो. मधुमेहाचे एक रुग्ण तर अभिमानानं म्हणाले, “साहेब, म्या दारू कवाच सोडली. आता फक्त वाइन घेतो. पोरानं आणून देल्ली.”

आधी हिशेब करू. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर ग्लासात ते सुमारे १४ ग्रॅम भरतं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगात सुमारे २० ग्रॅम. म्हणजे फार अंतर नाही. बाटलीचा हिशेब तर अनेकांना धक्का देतो. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१. संध्याकाळभरात वाइनची एक बाटली एकट्यानं संपवणारा माणूस क्वार्टरवाल्यापेक्षा जास्त दारू पितो. फक्त त्याला कोणी दारुडा म्हणत नाही. यकृताला बाटलीवरचं गाव वाचता येत नाही. मोहाची असो की बारोलो, त्याला इथेनॉलच दिसतं. त्यापासून आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं आणि पेशींचं नुकसान तेच करतं.

मग ‘हृदयाला चांगली’ हे आलं कुठून? १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमानं ‘फ्रेंच विरोधाभास’ घराघरांत पोहोचवला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी. श्रेय रेड वाइनला. कल्पना गोड होती, त्यामुळे पटकन पसरली. पुढे तिच्यातल्या फटी दिसू लागल्या. अनेक अभ्यासांत ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. त्यामुळे न पिणारे जास्त आजारी आणि थोडी पिणारे ठणठणीत दिसले. शिवाय थोडीच पिणारी मंडळी बहुधा खाऊनपिऊन सुखी, फिरायला जाणारी, वेळेवर डॉक्टरांकडे जाणारी होती. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉलचंही तसंच. उंदरांना प्रयोगात दिलेली मात्रा माणसाला वाइनमधून मिळवायची, तर रोज शेकडो बाटल्या लागतील. ते द्रव्य शेंगदाण्यातही असतं.

खुद्द फ्रान्सनं काय केलं? तिथं १९५६ पर्यंत शाळेच्या जेवणात लहान मुलांनाही वाइन मिळत असे. त्या वर्षी १४ वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद झाली. त्या काळात यकृताच्या सिरोसिसनं तिथं माणसं मोठ्या संख्येनं मरत होती. साठच्या दशकात माणशी वर्षाला १०० लिटरहून अधिक असलेला वाइनचा खप आता त्याच्या निम्म्याहून खाली आला आहे. १९९१ मध्येच तिथं दारूच्या जाहिरातींवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. तिथली आरोग्य यंत्रणा आज सांगते : दिवसाला दोन ग्लासांहून जास्त नको, आणि रोज तर नकोच. ज्यांची वाइन, ते हात आखडता घेत आहेत आणि आपण आता सुरुवात करतो आहोत.

आता त्या कार्डाकडे वळू. वाइन आणि जेवणाची जोडी जमवणं हे थोतांड नाही, त्यामागे शास्त्र आहे. रेड वाइनमधलं टॅनिन तोंड आकसवतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा कमी करतात. आंबट पांढरी वाइन तेला-लोण्याचा चिकटपणा धुऊन काढते. पण ही सांगड त्यांच्या सौम्य रश्शाची आहे. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते. दोन्ही तोंडातल्या एकाच संवेदकाला चेतवतात. वऱ्हाडी मटणाच्या झणझणीत रश्शावर १४ टक्क्यांची बारोलो घ्याल, तर वाइनची चवही जाईल आणि रश्शाचीही. आपल्याकडच्या जोड्या आजीनं कधीच जमवून ठेवल्या आहेत. ठेच्याबरोबर दही, कारण दुधातलं केसीन तिखटाला धरून दूर नेतं. रोडग्यावर तूप, शेवटी ताक. लाल वाइनमधलं टॅनिन चहाप्रमाणेच अन्नातलं लोह शोषू देत नाही. रक्त कमी असलेल्या बायांना, आणि त्या आपल्याकडे घरोघरी आहेत, ही जोडी मुळीच परवडणारी नाही.

फ्रेंच आणि इटालियन टेबलावरून एक गोष्ट मात्र उचलावी. ते सावकाश, गप्पा मारत, पोटभर जेवणाबरोबर पितात. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात हळू जातं. आपल्याकडे उलट रीत आहे : आधी उपाशीपोटी तासभर पिणं, सोबत खारे शेंगदाणे, आणि रात्री अकराला गार झालेलं जेवण. पण जेवण सोबत असलं तरी दारूचा वेग कमी होतो, ग्रॅम कमी होत नाहीत.

आपल्या भागापुरता आणखी एक धोका आहे, तो म्हणजे खर्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलं, आणि त्यात वाइनला सूट नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांत स्तन : यादी लांब आहे. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. खर्रा खाऊन गालात पांढरा चट्टा पडलेल्या माणसाला वाइन ‘हलकी’ म्हणून देणं हा क्रूर विनोद आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. द्राक्ष उत्पादकांचं भलं होईल, वाइन म्हणजे दारू नव्हे, असं तेव्हा सांगितलं गेलं. विरोध झाला आणि निर्णय मागे पडला. द्राक्ष बागायतदाराला भाव मिळायलाच हवा. पण आपल्याकडची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. शेतकऱ्याचं दुखणं या बाटलीनं बरं होणारं नाही. मी बंदीचा पुरस्कर्ता नाही. प्रौढ माणसानं काय प्यावं ते त्यानं ठरवावं. पण किराणा सामानाशेजारी ठेवून आणि ‘हृदयासाठी’ म्हणून ती विकू नये. प्रत्येक बाटलीवर अल्कोहोलचे ग्रॅम आणि कर्करोगाचा इशारा ठळक छापावा.

सल्ला थोडक्यात. पीत नसाल, तर आरोग्यासाठी सुरू करू नका. पीत असाल, तर आठवड्याचे ग्लास मोजा आणि कमी करा. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर दारूनं साखर धोकादायक खाली जाते. क्षयरोगाच्या औषधांबरोबर यकृतावर दुहेरी मार बसतो. झोपेच्या गोळीबरोबर तर ती घेऊच नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक सोडल्यानं झटके येऊ शकतात. शासकीय रुग्णालयात यासाठी येताना लाजू नका.

त्या वहिनींना मी नंतर फोन करून सांगितलं : यांच्या हृदयासाठी रोज चाळीस मिनिटं चालणं, मीठ कमी, गोळ्या वेळेवर. बाटली त्यांनी मुलाला परत दिली. यंदा त्यांच्या शेतावर रोडग्यांना आमंत्रण आहे. ताक मी घेऊन जाणार आहे.