रुंद टायर, अरुंद गल्ली



या सदरात गाड्यांबद्दल लिहायला लागल्यापासून तरुण वाचकांचा एक प्रश्न नेमाने येतो. "घरच्या छोट्या गाडीला बाहेरून रुंद अलॉय आणि रुंद टायर बसवले तर चालतील का?" विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतले असतात आणि गाडी बहुतेक वडिलांची असते. सोबत एखाद्या भारी गाडीचा फोटोही असतो, 'अशी दिसायला हवी' म्हणून.

हौसेला माझा विरोध नाही. कपडे, मोबाइल आणि गाडी यांत माणूस आपली आवड दाखवणारच. पण टायर ही गाडीची रस्त्याला टेकणारी एकमेव जागा आहे. स्टिकर चुकला तर काढता येतो, चाक चुकलं तर त्याची किंमत गाडीत बसलेले सगळे मोजतात. म्हणून आज हे गणित नीट मांडू. दहावीच्या भूमितीपलीकडचं यात काही नाही.

उदाहरण घरातलंच घेतो. निपाणीला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे स्विफ्ट आहे, खालच्या प्रकारातली, म्हणजे १६५/८० आर १४ टायरांची. दुकानदाराने त्याला २०५/६५ आर १५ टायर आणि ७ इंच रुंदीचं रिम सुचवलं. तो मला म्हणाला, "दादा, रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप. सोपं गणित आहे की!" ही गाडी आजीला तपासणीसाठी बेळगावला आणते आणि सुट्टीत चोर्ल्यातून गोव्यालाही जाते. तेव्हा गणित खरंच सोपं आहे का, ते आम्ही दोघांनी कागदावर करून बघितलं.

आधी आकडे वाचू. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एक इंच २५.४ मिमी, म्हणून रिम ३५५.६ मिमी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाचा पूर्ण व्यास आला ६१९.६ मिमी.

आता दुकानदाराचं माप. २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३.२५ मिमी. १५ इंची रिम ३८१ मिमी. पूर्ण व्यास ६४७.५ मिमी, म्हणजे मूळ चाकापेक्षा साडेचार टक्के मोठा. चाक एकदा फिरलं की गाडी जवळपास ९ सेंटिमीटर जास्त पुढे जाते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. तो जुन्या चाकाच्याच हिशोबाने वेग दाखवतो, म्हणून काट्यावरच्या प्रत्येक ८० मागे साडेतीन किमी जास्तीचे धरायचे. शिवाय मोठं चाक म्हणजे सगळे गिअर थोडे लांब झाल्यासारखं. तवंदी घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना हे लगेच जाणवतं.

आता त्याच स्विफ्टच्या वरच्या प्रकाराला कंपनी काय देते ते बघा: १८५/६५ आर १५. त्याचा व्यास येतो ६२१.५ मिमी. फरक दोन मिमीसुद्धा नाही! रुंदी २० मिमीने वाढली, रिम एक इंचाने वाढलं, भिंत १२ मिमीने कमी झाली आणि बाहेरचा व्यास जिथल्या तिथे राहिला. चाक मोठं करण्याची योग्य रीत हीच. रिम वाढवायचं तर भिंत तेवढी कमी करायची. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आतच ठेवावा. मी यासाठी तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहिलाय, पण मोबाइलचा कॅल्क्युलेटरही पुरतो.

आता 'रुंद म्हणजे जास्त ग्रिप' हे वाक्य तपासू. माणसं धरून गाडी १२०० किलोची समजू. म्हणजे एका चाकावर सुमारे ३०० किलो. टायरमध्ये हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब. ३०० ला २.१ ने भागलं की १४३ चौरस सेंटिमीटर. टायर रस्त्याला एवढाच टेकतो, साधारण पोस्टाच्या कार्डाएवढा. गंमत म्हणजे या भागाकारात टायरची रुंदी कुठेच आली नाही! तेवढंच वजन आणि तेवढीच हवा असेल तर रुंद टायरही जवळपास एवढाच टेकतो. बदलतो तो आकार. अरुंद टायरखाली कार्ड उभं असतं, रुंद टायरखाली ते आडवं होतं.

कार्ड आडवं झाल्याचा फायदा खरा आहे. कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी जास्त ताठ राहते आणि स्टिअरिंगला लवकर उत्तर देते. पण साचलेल्या पाण्यात तेच कार्ड उलटतं. टायरला समोरचं पाणी बाजूला सारून रस्त्यापर्यंत पोहोचायचं असतं. समोरची धार रुंद झाली की जास्त पाणी सारावं लागतं, आणि टेकणारी जागा लांबीला कमी झाल्यामुळे त्यासाठी वेळ कमी मिळतो. पाणी सारलं गेलं नाही तर टायर त्यावर तरंगतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावापुरते राहतात. आपण राहतो कुठे? जांबोटीच्या पुढे, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीपासून चोर्ल्यापर्यंत आणि इकडे आंबोलीत पावसाळ्यात काय कोसळतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. या भागात टायरच्या रुंदीपेक्षा खाचांची खोली जास्त महत्त्वाची. कायद्याने किमान १.६ मिमी हवी, पण घाटात जाणाऱ्याने ३ मिमीवरच टायर बदलावेत, असं माझं मत आहे.

खड्ड्यांचंही ऐका. कुणी स्विफ्टला १९५/५५ आर १६ बसवतो. व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे गणितात पैकीच्या पैकी गुण. पण भिंत उरते १०७ मिमी, मूळ टायरपेक्षा २५ मिमी कमी. ती भिंत म्हणजे हवेची उशी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रात्री एक खड्डा चुकला, तर उशी संपते आणि धक्का थेट रिमवर येतो. रिम वाकतं, कधी तडकतं. मागच्या सीटवर गुडघेदुखीची आजी असेल तर तिला तो धक्का आधी कळतो.

यानंतर रिमचे तीन आकडे. पहिला पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला चार भोकं आणि १०० मिमी. दुसरा मधलं भोक. स्विफ्टच्या हबला ते ५४.१ मिमीचं लागतं. बाजारातले बरेच अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे असतात. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, गाडी वेगात थरथरते आणि दोष बॅलन्सिंगवर जातो.

तिसरा आकडा ऑफसेट, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. चाक गाडीच्या आत किती आणि बाहेर किती बसणार ते यावरून ठरतं. समजा मूळ ऑफसेट ४५ आहे आणि नवा ३५. टायर ४० मिमीने रुंद झाला, म्हणजे दोन्ही बाजूंना २०-२०. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून सगळं चाक आणखी १० मिमी बाहेर सरकलं. टायर बाहेर ३० मिमी आला आणि आत १० मिमी गेला. सरळ रस्त्यावर काहीच कळत नाही. कळतं ते खडेबाजारात! आमच्या गल्लीत गाडी वळवायची म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल दारांवर उडतो, ते वेगळंच. घासतंय म्हणून स्पेसर टाकणं म्हणजे एका चुकीवर दुसरी चढवणं.

अलॉय हलकेच असतात, हाही समज तपासून घ्या. लहान पोलादी चाकापेक्षा मोठा अलॉय आणि मोठा टायर मिळून बऱ्याचदा जड भरतात. चाकाच्या कडेच्या एका किलोला वेग द्यायला डिकीतल्या जवळपास दोन किलोंएवढा जोर लागतो. छोट्या इंजिनाला हे परवडत नाही. आणि उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ओतकामात आत राहिलेली पोकळी बाहेरच्या चकाकीवरून कळत नाही. म्हणून स्वस्त नकली रिम नको. रिमवर ते किती किलो पेलतं ते कोरलेलं असतं, ते वाचा. टायरचा भारांकही मूळ टायरपेक्षा कमी नको. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं ठरेल असं वाहन बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. आपण सीमाभागातली माणसं एका दिवसात केए, एमएच आणि जीए अशा तिन्ही पाट्यांच्या राज्यांत फिरतो. कायदा केंद्राचा आहे, तिन्हीकडे तोच. म्हणून आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं माप घेणं सगळ्यात शहाणपणाचं. अलॉय बसवले की विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत त्यांची नोंद करून घ्या.

मावसभावाने शेवटी १८५/६५ आर १५ घेतले, मूळच्याच ऑफसेटच्या अलॉयवर. उरलेल्या पैशांत पुढचे ब्रेक पॅड बदलले. गाडी छान दिसते, आणि आजीने अजून तक्रार केलेली नाही!

तुम्हीही ठरवलंच असेल, तर दुकानातून निघण्याआधी एवढं करा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. जुना साठा घेऊ नका. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. मागे तीन माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि कान देऊन ऐका. पन्नास-शंभर किमीनंतर नट पुन्हा तपासून घ्या. अलॉयचे नट वेगळे असतील तर स्टेपनीसाठी जुने नट डिकीत ठेवा. आणि दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, बाहेरचा व्यास आणि ऑफसेट विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुकान बदला.

तुमच्या गाडीचं माप आणि तुमच्या मनातलं माप, दोन्ही लिहून पाठवा. गणित मिळून करू. पुढच्या महिन्यात विषय बॅटरीचा. तोवर पावसात सावकाश!