कोंबड्यांची पन्हळ : आधी कड, मग बाजू



अंगणात फेकलेला दाणा थोडा मातीत जातो, थोडा विष्ठेत मिसळून पुन्हा कोंबडीच्या पोटात. रक्ती हगवण पसरते ती अशीच. दाणा पन्हळीत घातला की नासाडी आणि रोग दोन्हींना आळा बसतो. पन्हळ घरीच होते. यंत्र लागत नाही.

26 गेजचा जस्ती पत्रा 2 फूट लांब, 8 इंच रुंद कापा. हिशेब असा : तळ 3 इंच, दोन्ही बाजू 2-2 इंच आणि दोन्ही कडांच्या दुमडीला अर्धा-अर्धा इंच. खुणा पेन्सिलीने करा. खिळ्याने ओरखडा काढाल तर जस्त निघून तिथेच गंज धरेल.

आता 3 इंच रुंद, अडीच इंच उंच, 3 फूट लांब असा सरळ लाकडी ठोकळा घ्या. वर तेवढ्याच लांबी-रुंदीची जाड फळी ठेवा. दोन्ही टोकांना आरपार बोल्ट घाला. मध्ये पत्रा धरून बोल्ट आवळले की झाला शिकंजा.

पहिल्यांदा कडा दुमडा. आमच्या घरची पहिली पन्हळ मी घाईत दुमडीशिवाय केली. दुसऱ्याच दिवशी दाणा घालताना वहिनींचे बोट हाडापर्यंत कापले. टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. म्हणून सांगतो, अर्धा इंच वाचवू नका. कड शिकंजात धरून वर उभी करा, मग पत्रा काढून ती पूर्ण पालथी ठोका. बाजू एकदा वाकल्या की कड ठोकायला जागा राहत नाही.

नंतर मधला 3 इंच भाग ठोकळ्यावर घ्या, दुमड वरच्या अंगाला ठेवा आणि बाजू खाली वाकवा. लोखंडी हातोडा नको; त्याने पत्रा ताणून लाटा पडतात. लाकडी हातोडा किंवा धुण्याचे धोपाटणे चालते. एका जागी पूर्ण वाकवू नका. या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत वाकवा. पत्रा किंचित मागे उसळतो, म्हणून ठोकळ्याच्या बाजू खाली थोड्या आत रंधून घ्या.

पन्हळ उलटी करा. दोन्ही तोंडांना सहा इंच उंच लाकडी तुकडे चुकांनी बसवा. त्यांत वर एक काठी सैल फिरेल अशी घाला. कोंबडी वर बसली की काठी फिरते आणि ती उतरते. पन्हळीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. दाणा अर्ध्यापेक्षा कमी भरा. आंबट ताक मात्र तिच्यात ओतू नका, ते जस्त खाते.

शेवटचे, पण विसरू नका. हे काम गोठ्यापासून लांब करा आणि पत्र्याचे कपटे वेचून घ्या. वैरणीतून गेलेला एक कपटा गाईच्या पोटातून काळजापर्यंत पोहोचू शकतो.