चाकू, एकवीस फूट आणि पोलिसांची गोळी

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दरवर्षी हजाराच्या आसपास माणसे मरतात; इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक वर्षी हा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजता येतो. हा फरक दाखवला की ठरलेले उत्तर येते: अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, तिथल्या पोलिसाने हात आखडून कसे चालेल? या उत्तरात तथ्य आहे. समोरच्याच्या खिशात पिस्तूल असेल ही धास्ती खरी आहे, आणि ती बाळगणाऱ्या शिपायाला भेकड म्हणणे अन्यायाचे होईल. पण हे उत्तर पुरे पडत नाही. तिथे पोलिसांनी गोळी घालून मारलेल्यांपैकी दरवर्षी शंभराहून अधिक जणांच्या हाती बंदूक नव्हे, चाकू असतो. चाकू इंग्लंडमध्येही आहेत, चाकूहल्ले ही तर त्या देशाची मोठी डोकेदुखी आहे. तरी तिथला बिनबंदुकीचा पोलीस अशा माणसांना बहुतेक वेळा जिवंत पकडतो.

इंग्लंडचा दाखला परका वाटत असेल तर अमेरिकेचाच घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात एक माणूस चाकू परजत रस्त्याने निघाला. पोलिसांनी त्याच्याभोवती सैल कडे केले, रहदारी हटवली आणि ते त्याच्या चालीने त्याच्यासोबत चालत राहिले. अखेर चाकू त्याच्या हातून गळाला आणि तो पकडला गेला. एकही गोळी सुटली नाही. त्याच महिन्यात शिकागोतल्या २०१४ सालच्या एका पोलीस गोळीबाराची चित्रफीत उघड झाली. तिथेही आधी आलेले पोलीस चाकू घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलामागे अंतर राखून चालत होते, विजेचा झटका देणारा टेझर मागवला होता. नंतर आलेल्या एका अधिकाऱ्याने गाडीतून उतरल्यावर सुमारे सहा सेकंदांत गोळीबार सुरू केला आणि सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा अंगावर धावून आला, असे पोलिसांचे अहवाल सांगत होते. चित्रफितीत तो दूर जाताना दिसतो. २०१८ मध्ये तो अधिकारी खुनाच्या आरोपात दोषी ठरला.

दुसरा आक्षेप एकवीस फुटांचा. १९८३ मध्ये डेनिस ट्युलर या पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिले की चाकूवाला एवढे अंतर दीड सेकंदात कापतो. निरीक्षण बरोबर, पण ‘म्हणून तेवढ्या अंतरात आलेल्यावर गोळी झाडावी’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष उफराटा. अंतर अपुरे असेल तर मागे सरावे, गाडीची आड घ्यावी, वेळ मिळवावा. त्यातून गोळी घालण्याचा परवाना मिळत नाही. आणि यात पोलिसांचाच जीव जाईल म्हणावे, तर लुईव्हिल या अमेरिकी शहराचा अनुभव उलटा आहे. २०१९ मध्ये तिथे तणाव निवळवण्याचे प्रशिक्षण सुरू झाल्यावर बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी घटले, आणि पोलिसांच्या दुखापती त्याहूनही जास्त, ३६ टक्क्यांनी.

बंदूक मुळीच नको, असे इथे म्हणणे नाही. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजजवळ माणसे भोसकत सुटलेल्या तिघांना सशस्त्र पोलिसांनी पहिल्या फोननंतर आठ मिनिटांत गोळ्या घातल्या, आणि ते योग्यच होते. वाद आहे तो गोळीशिवाय मार्ग उरलाच नव्हता का, याचा. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की बळाचा वापर वाजवी होता का हे ठरवताना धोक्याचा तेवढा एकच क्षण पाहून चालणार नाही, आधीचा घटनाक्रमही तपासला पाहिजे. पोलिसांचे प्रशिक्षण आणि प्रत्येक गोळीबाराची चौकशी आता याच कसोटीवर व्हायला हवी.