रणनौकेचें स्मारक आणि लोकवर्गणी

जुन्या रणनौका जतन करणें हें सरकारचेंच काम, असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनीं अमेरिकेंतील ‘नॉर्थ कॅरोलायना’ या युद्धनौकेची हकीकत ध्यानांत घ्यावी. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांत झुंजलेली ही नौका मोडींत काढण्याचा बेत १९५८ सालीं जाहीर झाला. तेव्हां त्याच नांवाच्या राज्यांतील रहिवाशांनीं वर्गणी जमविली, शाळकरी मुलांनींही तींत आपले पैसे घातले. आणि १९६२ सालीं, महायुद्धांत कामास आलेल्या तेथील सैनिकांचें स्मारक म्हणून ती विल्मिंग्टन येथें समर्पित झाली.

आतां मुंबईकडे वळूं. १९७१ च्या युद्धांत जिच्या विमानांनीं चितगांववर मारा केला, ती विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झाली, पुढें २०१२ पर्यंत येथें संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ सालीं भंगारांत विकली गेली. न्यायालयाचीं दारेंही ठोठावून झालीं. परंतु गंजणाऱ्या लोखंडास नित्य लागणारा पैसा न्यायालय कोठून आणणार? तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय. म्हणून आमची सूचना अशी कीं, पुढील नौका निवृत्त होण्यापूर्वींच विश्वस्त मंडळ नेमून तिच्या डागडुजीचा कायम निधि उभारावा. दुकानाच्या दुरुस्तीची तरतूद वर्षारंभींच करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हें निराळें सांगावयास नको.